कडेला लागलेला बॉल

मिथिला उदगीरकरचा मला हेवा वाटतो. राग येत नाही. ती वाईट आहे असंही नाही. उलट वाईट असती तर फार सोयीचं झालं असतं. चारचौघींत बसून तिच्याविषयी दोन शब्द बोलता आले असते आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण इतकी वर्षं शेजारी राहून आणि नंतर एकाच ऑफिसात काम करून तिनं मला तेवढीही सवलत दिली नाही. हेवा करायचा तर तो माझा मलाच, एकटीनं करावा लागला.

काचीगुड्यात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला लागून आहे. दोन्ही घरं मराठी, दोन्ही घरांत सरकारी नोकरीची परंपरा. माझे बाबा पाटबंधारे खात्यात, उदगीरकर काका ट्रेझरीत. दोन्ही घरांत एकुलती एक मुलगी, त्याही एकाच वर्षी जन्मलेल्या. आता तुलना करायला लोकांना आणखी काय पाहिजे? सगळ्यांनी मनापासून केली, आणि सुरुवातीला बरीच वर्षं त्या तुलनेत मीच पुढे होते. मी वर्गात पहिली यायची. मिथिला टेबल टेनिस खेळायची.

दिसायला ती बेताच्या उंचीची, सावळी, केस कपाळावरून ओढून इतके घट्ट बांधलेले की भुवया सदा वर चढलेल्या दिसायच्या. डावखुरी होती. खेळून खेळून तिचा डावा हात उजव्यापेक्षा चांगलाच भरला होता आणि त्या हातात उजव्याच्या मापाची बांगडी जात नसे. उदगीरकर काकूंना याचं फार दुःख. सुलतान बाजारातला बांगडीवाला दोन हातांच्या दोन मापांच्या बांगड्या काढून द्यायचा तेव्हा काकू इकडेतिकडे बघून घ्यायच्या, कोणी ओळखीचं पाहत तर नाही ना. मिथिलाला त्याचं काहीच नव्हतं. "भैय्या, डाव्या हाताला एक नंबर मोठी द्या, अन् पटकन द्या," एवढं बोलून ती मोकळी.

काकांनी त्यांच्या हॉलमध्ये प्लायवूडचं अर्धं टेबल करून भिंतीला लावलं होतं. ती भिंत म्हणजे आमची सामाईक भिंत. तिच्या अलीकडे माझं अभ्यासाचं टेबल. दुपारी शाळेतून आलं की पलीकडून सुरू व्हायचं: टक-टक, टक-टक, टक. तो शेवटचा एकटा टक म्हणजे तिचा बॉल चुकला. मग क्षणभर शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पाढे, सनावळ्या, संस्कृतची रूपं सगळं त्या तालावर पाठ केलं आहे. आजही मला 'देव' शब्द चालवायला सांगितला तर चतुर्थीपाशी मी थबकते, कारण तिथे ती नेहमी चुकायची.

एकदा माझी परीक्षा तोंडावर होती आणि मी रडकुंडीला आले. बाबा तणतणत उठले. "आज त्या उदगीरकराला सांगूनच येतो. लेकरानं अभ्यास करायचा की नाही?" पायात चप्पल सरकवून ते गेले. मी कान देऊन बसले. आवाज थांबला. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, आणि आधीपेक्षा जोरात. बराच वेळ गेल्यावर बाबा परतले. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"पोरीचा बॅकहँड कच्चा आहे," बाबा पंख्याखाली बसत म्हणाले. "समोरून कोणी बॉल द्यायला पाहिजे तिला. उद्यापासून जाईन म्हणतो थोडा वेळ."

माझे बाबा! मी कितवीत आहे हे ज्यांना आईला विचारावं लागायचं, ते रोज संध्याकाळी शेजारी जाऊन बॉल फेकायला लागले. हेव्याची माझी पहिली आठवण ही आहे. बाबांच्या त्या दुमडलेल्या बाह्या.

एका रविवारी बाबा मला तिची मॅच बघायला घेऊन गेले. ज्युनिअर मुलींची स्पर्धा होती. बंद हॉल, पंखे बंद, कारण वाऱ्यानं बॉल हलतो. मिथिला समोरच्या मुलीशी बरोबरीत होती. तिनं मारलेला बॉल टेबलाच्या अगदी कडेला घासला आणि भलत्याच दिशेनं खाली पडला. समोरच्या मुलीला तो घेणं शक्यच नव्हतं. पॉइंट मिथिलाला मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी सर्वांत जोरात. मिथिलानं मात्र खाली बघत एक बोट वर केलं, क्षणभर तसंच धरलं, आणि पुढच्या सर्व्हिसला उभी राहिली. मला वाटलं, पंचाला काही विचारते आहे.

मॅच ती जिंकली. बाहेर समोसे खाताना मी विचारलं, "ते बोट कायकू वर केलीस गं?"

"बॉल कडेला लागला ना. एज बॉल. तो काही मी तिथं मारला नव्हता, नशिबानं गेला. असं झालं की हात वर करायचा. समोरच्याला सांगायचं की हौ बाई, हे माझं नाही, नशिबाचं आहे."

"मग पॉइंट परत द्यायचा की."

तिनं समोसा खाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. इतकी अडाणी मुलगी तिनं पाहिली नसावी. "पॉइंट कायकू द्यायचा? पॉइंट आपलाच राहतो. फक्त हात वर करायचा."

"आणि समोरच्यानं काय करायचं?"

"मान हलवायची अन् बॉल उचलायला जायचं. दुसरं काय करणार?"

मला तेव्हाच ही रीत पक्षपाती वाटली होती. एकानं फायदाही घ्यायचा आणि चांगलंही दिसायचं, दुसऱ्यानं नुकसान सोसून वर मानही हलवायची.

जिंकण्यापेक्षा ती हरायची जास्त, हे सांगायला हवं. वरंगळला, विजयवाड्याला, कुठे कुठे जाऊन पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून यायची. पण हरल्यासारखी यायची नाही. स्टेशनवरून तडक आमच्या घरात शिरायची, किटची बॅग दारात टाकायची आणि माझ्या आईला हाक मारायची, "काकू, काय केलंत? खिचडी-खट्टा असेल तर वाढा, लई भूक लागली."

"हरलीस ना गं?" आई हळूच विचारायची.

"हौ काकू! धुऊन काढली तिनं मला. काय हात होता तिचा! तुम्ही बघायला पाहिजे होता. बॉल इथं दिसायचा अन् तिथं जाऊन पडायचा." आणि जिनं हरवलं तिचे गुण गात गात ती तिसऱ्यांदा खिचडी घ्यायची. मी समोर बसून बघायची. आदल्याच आठवड्यात गणितात दुसऱ्या मुलीला माझ्यापेक्षा एक मार्क जास्त पडला म्हणून मी जेवले नव्हते.

जामबागेतली आमची शाळा संपली आणि आम्ही दोघी नारायणगुड्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला आलो. मी मार्कांवर, ती खेळाडूंच्या कोट्यातून. या कोट्याबद्दल मी घरी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण पहिलं वर्ष संपता संपता एक गोष्ट घडली. तिचं ज्युनिअरचं वय संपलं. पुढे मोठ्यांच्या गटात टिकायचं तर राज्याच्या पहिल्या दोघींत यायला हवं होतं, आणि निवडीच्या सामन्यात ती हरली. या वेळीही घरी येऊन खिचडी खाल्ली, फक्त दुसऱ्यांदा घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून टक-टक बंद झाली. मला जी शांतता इतकी वर्षं हवी होती ती आयती मिळाली, आणि तिच्यात मला साधा ट्रायल बॅलन्स जुळवता येईना. थोड्याच दिवसांत काकांनी प्लायवूडचं टेबल काढलं. तिथे काकूंचं शिलाई मशीन आलं.

गल्लीतल्या बायका हळहळल्या, पण त्यात चव घेणं जास्त होतं. "एवढी वर्षं खेळ खेळ केलं, हातात काय आलं?" उदगीरकर काका एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून बाबांना म्हणाले, "साहेब, आता या पोरीचं करायचं काय? हिला दुसरं येतं काय?" मिथिला दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून सांगते, हरून आलेली मिथिला मी कितीदा तरी पाहिली होती, पण तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला. आपली सगळी वर्षं फुकट गेली, असं तिच्या वडलांनी तिच्यादेखत म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. "चारू, मला फायनान्समध्ये जायचंय."

मी हसले. "बॅलन्स शीट वाचता येते का?"

"नाही. तू शिकव."

शिकवायला मी एका पायावर तयार झाले. भिंतीपलीकडच्यांना माझी गरज पडली होती, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. मी पुस्तक उघडून व्यवस्थित सुरुवात केली. थोडा वेळ तिनं ऐकलं आणि म्हणाली, "चारू, तू लेक्चर नक्को देऊ. बॉल टाक."

खेळाडूंची म्हणे एक पद्धत असते. शिकवणारा बॉलची टोपली घेऊन उभा राहतो आणि एकामागून एक बॉल टाकत जातो. विचार करायला वेळच द्यायचा नाही. चुकला तर तोच बॉल पुन्हा, जोवर हात आपोआप वळत नाही तोवर. मी तसे प्रश्न टाकायचे होते.

"घसारा वाढला?"

"नफा कमी."

"उधारीवर माल जास्त गेला?"

"नफा दिसतो, रोकड दिसत नाही."

"साठा वाढला?"

"रोकड अडकली."

बसून तिला एकही उत्तर यायचं नाही. उभी राहायची, गुडघे किंचित वाकवून, चवड्यांवर. आणि सुरू करण्याआधी डावा तळवा आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पुसून घ्यायची. हाताला घाम आला की खेळाडू नेटजवळ टेबलावर हात पुसतात, ती सवय. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पोरी, टेबल पुसायला फडकं आहे की गं."

असे कितीतरी महिने गेले. आणि एके दिवशी मी नेहमीचा बॉल टाकला, घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा नुसता कागदावरचा खर्च, वाढला तर रोकड? ती म्हणाली, "तशीच." मग थांबली. "थांब थांब. नफा कमी दिसला तर टॅक्स पण कमी भरायचा ना? मग रोकड थोडी वाढेल की."

पुस्तकात ते पुढच्या धड्यात होतं. मला ते वाचून समजलं होतं, तिला उभ्या उभ्या समजलं. "बरोबर आहे," मी म्हणाले आणि आज पुरे म्हणून पुस्तक मिटलं.

शेवटच्या वर्षी मी एका जागेवर डोळा ठेवून होते. बंजारा हिल्समधली गुंतवणुकीचा सल्ला देणारी एक लहानशी कंपनी. तिथे अभ्यासक म्हणून एकच मुलगी किंवा मुलगा घेणार होते. कंपन्यांचे हिशेब वाचायचे, कुठले शेअर घ्यावेत, कुठले सोडावेत ते ठरवायचं. कॉलेजतर्फे आम्हाला एकदा ते ऑफिस दाखवलं होतं. खिडकीजवळची ती रिकामी खुर्ची मी तेव्हाच पाहून ठेवली होती. ती मला हवी होती. इतकी मला दुसरी कुठलीच गोष्ट हवीशी वाटलेली नाही.

मुलाखतीला शेवटी आम्ही दोघीच उरलो. आधी मी गेले. मूर्ती सर, कंपनीचे मालक, पन्नाशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी जे जे विचारलं ते सगळं मला आलं. सर प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एक बात बताओ अम्मा. बुरी तरह हारे कब थे?"

मला वाटलं, हा सापळा आहे. "सर, ऐसा कुछ हुआ नहीं," मी म्हणाले. आणि ते खरं होतं.

सरांनी परत मान डोलवली. उठताना माझी नजर त्यांच्या मागच्या शेल्फवर गेली. फायलींच्या शेजारी टेबल टेनिसची एक जुनी बॅट उभी करून ठेवली होती, रबर सुटलेली.

मिथिला आत गेली ती बाहेर येईचना. दारातून हसण्याचे आवाज येत होते. मुलाखतीत कोणी हसतं का? बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय विचारलं?"

"हरलेल्या मॅचेस विचारल्या. सांगत बसली मी, संपेचनात."

"आणि फायनान्स?"

"ते पण विचारलं की. सगळे तू टाकलेलेच बॉल होते." मग आनंदानं म्हणाली, "ती बॅट बघितलीस का? सर पण ज्युनिअर खेळलेत. शेल्फवरनं काढून हातात दिली माझ्या."

खुर्ची तिला मिळाली. मला पत्र आलं की ऑपरेशन्स विभागात यायचं असल्यास यावं. ऑपरेशन्स म्हणजे अभ्यासक लोक जे घ्या-विका म्हणतात, ते बरोबर घेतलं-विकलं गेलं का, ज्याचं त्याच्या खात्यात पडलं का, हे ताडून पाहणं. मी गेले. बी.कॉम.ला पहिली आलेल्या मुलीनं घरी बसायचं का? आईला तर आनंदच झाला. "दोघी एकाच ऑफिसात! जाणं-येणं बरोबर होईल." उदगीरकर काका गल्लीभर पेढे वाटत फिरले. पोरीची वर्षं फुकट गेली नाहीत, हे ते प्रत्येक दारात सांगत होते. आमच्या दारात जरा जास्त वेळ सांगत होते.

ऑफिसात आमच्यात आता काचेची भिंत आली. आवाज येत नव्हता, पण दिसायचं सगळं. मिथिला फोनवर उभी राहूनच बोलायची, चवड्यांवर. एखाद्या अवघड ग्राहकाला फोन लावायचा असला की आधी डावा तळवा टेबलाच्या कोपऱ्यावर पुसून घ्यायची. पुसून पुसून त्या कोपऱ्याचं पॉलिश उडालं. शिपाई बिचारा रोज तिथे पॉलिश घासायचा.

मग तो औषध कंपनीचा प्रकार झाला. मिथिलाच्या सांगण्यावरून आमच्या ग्राहकांनी एका औषध कंपनीचे शेअर घेतले होते. एका सकाळी बातमी आली की एक मोठी कंपनी ती विकत घेते आहे. भाव भराभर चढला. फोनवर फोन यायला लागले, सगळे खूश. मूर्ती सरांनी मिठाई मागवली, ऑपरेशन्सलाही बोलावलं. टाळ्या चालू असताना मिथिलानं खाली बघत एक बोट वर केलं.

"बोलो मिथिला."

"सर, ये एज बॉल है. मैं तो नवा कारखाना चालू होनेवाला है बोलके लेने बोली थी. कारखाना तो अबी तक बनाइच नै. ये दुसरीच वजह से बढ़ा."

श्रीनिवास नावाचे जुने सहकारी माझ्या कानाशी पुटपुटले, "ये क्या नाटक है?" मूर्ती सर मात्र हातातला मिठाईचा तुकडा तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून सोमवारच्या बैठकीत नियम झाला. ज्यानं त्यानं आपल्या फायद्याविषयी सांगायचं, मारलेला बॉल की कडेला लागलेला. श्रीनिवासांनी कित्येक सोमवार पोटदुखीची रजा घेतली.

आणि मिथिलाचं नाव झालं. ग्राहक आपण होऊन तिला मागायला लागले. मी काचेच्या अलीकडून बघत होते आणि मनात म्हणत होते, अरे, पॉइंट तर तिलाच मिळाला ना? मिठाई तिच्यामुळेच आली ना? हात वर केला म्हणून कोणी तिच्याकडून काही परत घेतलं का? हे माझ्याशिवाय कोणाच्याच लक्षात येत नव्हतं.

पुढे तिचा एक सल्ला साफ फसला. नारायणगुड्यातल्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंनी तिच्यावर भरवसा ठेवला होता. दुसरा कोणी असता तर ईमेल लिहिला असता. ही त्याच दुपारी त्यांच्या घरी गेली, आणि परत येऊन माझ्यासमोर डबा उघडून बसली.

"काय म्हणाल्या?"

"धुऊन काढली मला. त्यांचं बरोबर होतं. मी कर्जाकडं नीट बघितलंच नव्हतं."

"तुला काही वाटत नाही का गं?"

"वाटतं की. पण चारू, शाळेत होते तवापासून मी किती हरली असेल, विचार कर. बाई ओरडल्या, मी ऐकून घेतलं, उद्या परत सर्व्हिस करायची." आणि माझ्या डब्यातली भेंडी तिनं न विचारता घेतली.

त्या दिवशी माझ्या हिशेबात कुठेतरी एक नोंद जुळत नव्हती आणि सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला जेवताना बघत असताना मला कळलं की मला तिची खुर्ची हवी आहे हे अर्धंच खरं आहे. तिचं जिंकणं मी कधीच सहन करून टाकलं होतं. मला हेवा वाटत होता तो तिच्या हरण्याचा. ते शिकायला माझ्याकडे ना टेबल होतं, ना भिंत, ना बॉल टाकायला बाबा.

गेल्या वर्षी कंपनीनं मुंबईत शाखा काढायचं ठरवलं आणि ती सांभाळायला मिथिलाला विचारलं. ती हो म्हणाली. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होणार होती. मी अर्ज केला. ऑपरेशन्समधून तिकडे कोणी जात नाही, सगळ्यांनी सांगितलं. श्रीनिवासांनी तर समजूत घातल्यासारखं सांगितलं.

तीच खोली, तेच सर, आता केस पांढरे. शेल्फवर तीच बॅट. हिशेबातलं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "अब बताओ अम्मा. बुरी तरह हारे कब थे?"

"इसी कमरे में, सर," मी म्हणाले.

सरांनी चष्मा परत घातला आणि मला नीट बघितलं. "उसके बाद क्या किया?"

"रोज़ आई, सर. काच के पीछे बैठ के देखी, वो कैसे हारती है."

सर हसले नाहीत. फाइल बंद करून म्हणाले, "सोमवार से इधर बैठो."

मला खुर्ची मिळाली. बाहेर येऊन मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले, आनंदानं. आणि तोंड धुताना लक्षात आलं की ज्या उत्तरावर ही जागा मिळाली, ते उत्तरसुद्धा मला मिथिलामुळेच मिळालेलं आहे. इथंही हीच!

ती निघाली त्या रविवारी मी तिच्याकडे सामान भरायला गेले. हॉलमध्ये, त्या भिंतीपाशी, शिलाई मशीनच्या शेजारी तिनं बॅग उघडून ठेवली होती. काकू स्वयंपाकघरात होत्या. आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"मिथू, एक खरं सांग. त्या दिवशी सरांच्या शेल्फवर ती बॅट नसती, तर खुर्ची कोणाची होती?"

ती मोज्यांच्या जोड्या गुंडाळत होती. हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डावा तळवा मशीनच्या कोपऱ्यावर पुसला. आता ती बोलणार, हे मला कळलं. तेवढ्यात काकू गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "हे कपड्यांच्या मध्ये ठेव गं. तिकडं असलं मिळत नाही." मग बरणीला पिशवी, पिशवीला दोरी, दोरीला गाठ. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. उत्तर राहूनच गेलं.

गल्ली सगळी बाहेर आली होती. काका, काकू, आई, आता काठी घेऊन चालणारे बाबा. मिथिला सगळ्यांच्या पाया पडली. बाबांनी तिचा डावा दंड थोपटला, "बॅकहँड सांभाळ," म्हणाले. मला तिनं मिठी मारली आणि ती टॅक्सीत बसली. टॅक्सी निघाली, गल्लीच्या टोकाला वळणापाशी हळू झाली, आणि मागच्या खिडकीतून तिचा हात बाहेर आला.

सगळ्यांनी हात हलवायला सुरुवात केली. काकू डोळ्याला पदर लावून एका हातानं टाटा करत होत्या. पण मिथिलाचा हात हलत नव्हता. एक बोट वर, स्थिर. आणि काचेतून दिसत होतं, ती मागे वळून बघत नव्हती. मान खाली होती.

ती काय म्हणते आहे ते त्या गल्लीत मला एकटीला कळलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. खुर्ची बॅटीमुळे मिळाली होती, बॉल कडेला लागला होता. एवढंच तिच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं जीव टाकला होता. मला आनंद झाला, नाही असं म्हणणार नाही. मग आठवलं की त्या सगळ्या वर्षांतली ती खुर्ची, ती खिडकी, ते सगळे सोमवार तिचेच झाले आणि तिचेच राहणार. बोट वर केल्यानं ते परत येत नाहीत. तिनं समोसा खाता खाता मला हे सांगूनच ठेवलं होतं.

"अगं, अशी काय उभी राहिलीस?" बाबा माझ्या शेजारी जोरजोरात हात हलवत म्हणाले. "टाटा तरी कर पोरीला!"

मी टाटा केला नाही. मी मान हलवली.